शब्दचर्चा: ग्रेपफ्रूटच्या पाकळ्या सोडवायच्या सुरीला मराठीत काय म्हणावं?

परदेशी_सुगरण:
मंडळी एक शब्द हवाय. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी एक सॅलड लिहून देतेय, त्यात ग्रेपफ्रूटचा (संत्रं-मोसंबीच्या कुळातलं कडवट फळ) नुसता गर लागतो, पाकळीवरचा पापुद्रा अजिबात नको कारण तो कडू आणि चिवट असतो. इकडे अमेरिकेत ग्रेपफ्रूट आडवं कापून अर्धं वाटीसारखं पुढ्यात घेऊन नाश्त्याला खायची जुनी पद्धत आहे, त्यासाठी एक खास हातातली सुरी मिळते. दोन्ही टोकांना पाती असतात. एका टोकाला दोन पातळ पाती अगदी जवळजवळ, समांतर. ती पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना बसतील अशी धरायची आणि सालीकडून मध्यापर्यंत ओढायची, म्हणजे एका फटक्यात दोन शेजारच्या पाकळ्यांचा गर भिंतीपासून सुटतो. दुसऱ्या टोकाला वाकडं दातेरी पातं, ते सालीच्या आतून गोल फिरवायचं. मग चमच्याने गर उचलला की झालं, मागे सालीत नुसते पापुद्रे छत्रीच्या काड्यांसारखे उभे राहतात.

आता हे सगळं मराठीत लिहायला बसले तर दोन ठिकाणी अडले. सुरीला काय म्हणू? आणि तिने जे काम होतं त्याला काय म्हणू? 'सोलणे' म्हणवत नाही कारण साल तर जागच्या जागी आहे, 'कापणे' म्हटलं तर वाचणारा सरळ चकत्या करून मोकळा होईल. आणि जो तुकडा निघतो ती फोड की पाकळी?

शब्दपारखी:
छान प्रश्न आहे. आधी तुकड्याचं बघू मग हत्यार. माझ्या मते पाकळी म्हणजे फळात निसर्गतःच असलेला भाग, तिच्या स्वतःच्या पापुद्र्यासकट. लसणाची पाकळी म्हणतो तेव्हाही तेच, ती आपण केलेली नसते, होतीच. फोड आपण करतो. आंब्याच्या फोडी, सफरचंदाच्या फोडी, आणि सगळ्यात चांगलं उदाहरण लिंबाच्या लोणच्याचं, तिथे लिंबाच्या आतल्या पाकळ्या कुठे सुरू होतात कुठे संपतात ते कोणी बघत नाही, आडवंउभं चिरायचं आणि त्याला फोडी म्हणायचं. (शिवाय फोड स्त्रीलिंगी म्हणजे तुकडा आणि पुल्लिंगी म्हणजे त्वचेवर येतो तो, त्यामुळे पाककृतीत लिंग नीट सांभाळा.) तुमच्या सुरीने जे निघतं ते यातलं काहीच नाही. पापुद्रा मागे राहिला म्हणजे पाकळी नाही, आणि तिरकं-आडवं चिरलेलं नाही म्हणून फोडही नाही. तो गर आहे. 'पाकळीतला अख्खा गर' असं लिहा, सगळ्यांना कळेल.

वऱ्हाडी_माणूस:
पुण्याकडे संत्रं म्हणतात आमच्याकडे संत्रा म्हणतात, आधी ते सांगून ठेवतो. आणि आम्ही संत्र्याची फाक म्हणतो, 'दोन फाका दे' असं. मला तरी हा शब्द फाकणे या क्रियापदाच्या जवळचा वाटतो, कारण संत्रा मधोमध अंगठा घातला की आपोआप फाकतो, फोडावा लागत नाही की कापावा लागत नाही. म्हणून फोड हा शब्द संत्र्याला लावलेला मला आवडत नाही, लोक लावतात हे मान्य.

सुरीबद्दल सांगायचं तर नागपुरी संत्र्याला ती लागणारच नाही. त्याची साल सैल असते, पाकळ्या एकमेकींपासून सहज सुटतात. अंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्याचा) माल दिवाळीच्या आसपास यायला लागतो आणि मृगाचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दोन्ही वेळा घरात लहान पोरं असली की मोठी माणसं पाकळीच्या पाठीला नख लावून पापुद्रा मागे ओढतात, बिया काढतात आणि गर तोंडात देतात. आईबापांची बोटं हेच आमचं यंत्र. ज्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय २०१४ साली त्या फळाला हत्यार लावायची गरज पडू नये हे मला त्याच्या जातीचं मोठं लक्षण वाटतं. मोसंबीला मात्र तुमची सुरी चालेल, तिची साल घट्ट आणि पाकळ्या चिकटलेल्या, म्हणून तर आपल्याकडे मोसंबी खाण्यापेक्षा तिचा रसच जास्त काढतात.

गोंयकार:
ग्रेपफ्रूटला मराठीत पपनस लिहू नका एवढी विनंती आहे, बऱ्याच ठिकाणी तसं केलेलं दिसतं. पपनस म्हणजे पोमेलो, ते मोठं, जाड सालीचं. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रं यांचा आपोआप झालेला संकर, तो वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसला अठराव्या शतकात झाला, तिथल्या फळाचं वर्णन १७५० सालच्या एका ग्रंथात आहे. म्हणजे पपनस त्याचं आईबाप झालं, तेच नाव मुलाला कसं चालेल. द्राक्षफळ तर नकोच नको, ते नाव फळं झाडाला घोसाने लागतात म्हणून पडलंय, द्राक्षाशी बाकी काही संबंध नाही.

आमच्याकडे गोव्यात पपनसाला तोरंजन म्हणतात आणि चवथीला गणपतीच्या वरती माटोळी (फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट) बांधतात तिच्यात ते टांगलेलं असतं, त्याशिवाय माटोळी पुरी वाटत नाही. पोर्तुगीजमध्ये तोरांजा असा शब्द आहे आणि मूळ फारसी-अरबीतल्या तुरंजाशी त्याचं नातं आहे, तिकडे तुरंज म्हणजे महाळुंग, लिंबाच्याच कुळातलं एक मोठं फळ. पपनस शब्दाचं नातं डच पोम्पेलमूसशी सांगतात. म्हणजे एकाच फळाची दोन नावं दोन वेगवेगळ्या दर्यावर्दी लोकांच्या बोटीतून आपल्याकडे उतरली.

आणि खाण्याचं सांगायचं तर तोरंजनाला ही सुरी उपयोगाची नाही. त्याची साल इतकी जाड की आत पोचेपर्यंत पातं संपेल, आणि गरजही नाही कारण पापुद्रा जाड असला तरी एकदा कडेने फाडला की सगळाच्या सगळा निघून येतो, आतला गर कोरडा आणि दाणेदार, हाताला रसही फारसा लागत नाही. त्यावर साखर नाहीतर मीठ-तिखट. ग्रेपफ्रूटचा पापुद्रा गराला चिकटलेला असतो, ओढलात तर गर फाटतो आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत. म्हणून तिथे पातं लागतं. हत्यार फळाच्या स्वभावावरून ठरतं, म्हणून नावातही ते फळ किंवा ते काम यायला हवं असं मला वाटतं.

रोपवाटिका:
थोडं वनस्पतिशास्त्र घालते, शब्दाला मदत होईल. फुलाची पाकळी आणि संत्र्याची पाकळी हे दोन अगदी वेगळे अवयव, शास्त्रात संत्र्याच्या एकेका पाकळीला किंजदल म्हणायला हवं, फळ अशा साधारण दहा-बारा किंजदलांचं बनलेलं असतं. पापुद्रा ही त्या किंजदलांची भिंत. आणि आपण ज्याला गर म्हणतो ते त्या भिंतीच्या आतल्या बाजूला उगवलेले रसाने भरलेले केस आहेत, खरंच केस, प्रत्येकाला बारीक देठ असतो आणि तो सालीकडच्या भिंतीला धरलेला असतो. आता त्या सुरीचं वाकडं पातं कुठे फिरतं बघा, बरोबर तिथेच, देठ तोडत. म्हणून ते फिरवल्याशिवाय गर सुटतच नाही, नुसती जोडपाती चालवून अर्धंच काम होतं. ग्रेपफ्रूटचा कडवटपणा मुख्यतः नारिंजिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, ते पांढऱ्या भागात आणि पापुद्र्यात भरपूर असतं, त्यामुळे सॅलडसाठी पापुद्रा काढायचा हा सुगरणताईंचा आग्रह अगदी बरोबर आहे.

पाककृतीखाली एक ओळ जरूर टाका ताई, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आधी डॉक्टरांना विचारावं. अंक वाचणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी असणारच.

शब्दपारखी:
वा, देठ तोडण्याची माहिती फार कामाची. आता हत्याराकडे. मराठीत स्वयंपाकाच्या साधनांची नावं कामावरून सरळ बनतात, किसणे-किसणी, खोवणे-खोवणी, गाळणे-गाळणी, चाळणे-चाळणी, आणि नपुंसकलिंगी लाटणं, उलथणं, करंजीचं कातणं. मग इथे क्रियापद कुठलं? मला कोरणे जवळचं वाटतं, वाकडं पातं घालून आतून मोकळं करणं म्हणजे कोरणंच. कोरणी हा शब्द कोरीवकामाच्या हत्याराला आधीच आहे, म्हणून गरकोरणी सुचवतो.

परदेशी_सुगरण:
गरकोरणी ऐकायला गोड आहे पण मला लगेच कानकोरणं आणि दातकोरणं आठवलं, जेवणाच्या पानात ते नको. शिवाय कोरताना कोरलेला भाग बहुतेक भुगा होऊन जातो आणि उरतं ते महत्त्वाचं, इथे नेमकं उलटं आहे, निघतं तेच हवंय आणि तेही अख्खं.

वऱ्हाडी_माणूस:
मग सोडवणे घ्या की. गर सोडवणे. तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये 'गर सुटतो' लिहिलंय, सगळेजण इथे सुटणे-सोडवणेच वापरून राहिलेत. सुरीला पाकळसुरी म्हणा, जशी पावाची सुरी.

शब्दपारखी:
सोडवणे पटलं, माझ्या कोरण्यापेक्षा नेमकं आहे. पाकळसुरीबद्दल एवढंच म्हणतो की एकट्या शब्दाने अर्थ लागणार नाही, पहिल्यांदा येईल तिथे वर्णन हवं.

परदेशी_सुगरण:
मग असं लिहिते, बघा कसं वाटतं: "ग्रेपफ्रूट आडवं अर्धं कापून घ्या. पाकळसुरीच्या (दोन्ही टोकांना पाती असलेली ग्रेपफ्रूटची सुरी) जोडपात्यांनी प्रत्येक पापुद्र्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या करा, मग वाकड्या पात्याने कडेने गोल फिरून गर सालीपासून सोडवा आणि अख्खा उचला. पाकळसुरी नसेल तर लहान धारदार सुरीने एकेक बाजू मोकळी करा, वेळ जास्त लागेल पण गर तसाच निघेल." गोळ्यांची सूचना खाली ठळक टाकते.

आता फक्त सालीच्या आतल्या त्या पांढऱ्या मऊ थराचं सांगा. आमच्या घरी त्याला काही नावच नव्हतं, पाकळीवर चिकटतात त्या दोऱ्यांना मात्र शिरा म्हणायचो.

गोंयकार:
शिरा आमच्याकडेही. थराला मी आजवर 'पांढरी साल' एवढंच ऐकलंय, आणि पाककृतीत ते पुरेसं आहे.