गणपतराव देशमुख सलग ११ वेळा निवडून आले होते का?

वक्तृत्ववेडी:
चार दिवसांनी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे. मी विषय घेतलाय भाई गणपतराव देशमुख. माझं गाव विदर्भात, त्यांचा सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका कधी पाहिलेला नाही. जिथे वाचावं तिथे '११ वेळा आमदार' हेच एक वाक्य सापडतं. ते सलग ११ वेळा का? आणि एका तालुक्याने एकाच माणसाला इतकी वर्षं का निवडून दिलं? जवळून पाहिलेल्यांनी सांगा.

लालबावटा:
सलग नाही. १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, पुढे १९९९, २००४, २००९, २०१४. सगळ्या सांगोल्यातून आणि सगळ्या शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष). १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात मंत्री होते. जन्म १० ऑगस्ट १९२६.

माणकाठचा:
मी सांगोला तालुक्यातलाच, वय ६७. पोरी, वरच्या यादीत दोन जागा रिकाम्या आहेत बघ, १९७२ आणि १९९५. भाषण तिथून सुरू कर.

१९७२ ला आबासाहेब पडले (आमच्याकडे त्यांना गणपतराव कुणी म्हणत नाही) आणि त्याच साली दुष्काळ. मी चौदा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, मी पाट्या उचलायचो. सुकडी (दुष्काळात वाटायचे ते पौष्टिक पीठ) खाऊन दिवस काढले. तसले दिवस काढलेला माणूस मत मागायला आलेल्याला आधी पाण्याचं विचारतो. दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले.

१९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, १९२ मतांनी. वडील त्या रात्री जेवले नाहीत. १९२ म्हणजे आमची वस्ती आणि शेजारची वाडी, बास. अंगणात बसून त्यांनी बोटांवर घरं मोजली. कोण ऊसतोडीला गेलं होतं, कोणाकडे परत यायला एसटीचं भाडं नव्हतं, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. चुलतभावाचं कुटुंब कारखान्यावरच राहिलं, हे त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

आबासाहेब एसटीने फिरायचे, हे सगळे लिहितात आणि ते खरं आहे. पण तेवढ्यावर थांबू नकोस. साधेपणाने विहिरीला पाणी लागत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब तिथे असायचे. भाकरी बांधून टेम्पोतून आम्ही जायचो. मागणी एकच, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना हक्काने मिळालं पाहिजे. कराडजवळच्या टेंभू गावापाशी नदीचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवायचं, हे तेव्हा ऐकायलाही अशक्य वाटायचं. दर वर्षी परिषद, दर वर्षी तीच मागणी. आमच्या शिवारात पाणी दिसेपर्यंत माझे केस पिकले होते.

दुसरं सूतगिरणीचं. कापूस नावालाच पिकतो अशा तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून ती नीट चालवणं सोपं नव्हतं. धाकटा भाऊ तिथे लागला, घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. दोन बहिणींची लग्नं त्याच पगारावर झाली. तू 'का निवडून दिलं' विचारतेस ना, आमच्या घरापुरतं उत्तर हे.

वक्तृत्ववेडी:
काका, खूप आभार. १९२ मतांपासूनच सुरुवात करते. २०१९ ला ते उभे का राहिले नाहीत?

माणकाठचा:
वय ९३ झालं होतं बाळा. त्यांच्या जागी नातू डॉ. अनिकेत उभे राहिले, समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. ७६८ मतांनी गेली जागा. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, शेकापकडूनच निवडून आले.

वडिलांनी १९९९ चा निकाल पाहिला. त्या मतदानाच्या आदल्या दिवशी चुलतभावाच्या कुटुंबाला आणायला ते स्वतः गेले होते, एसटीचं भाडं खिशात घेऊन.

भाषण झालं की इथे टाक, आमच्या पोरांना वाचून दाखवतो.