जुनी फोर बाय फोर घ्यायचीये, घरीच दुरुस्त करता येईल अशी. जिप्सी, थार की जुनी जीप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सल्ला देता येणार नाही.

मी पुण्यात नोकरीला, गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाणलोटाच्या बाजूला. डांबरी संपली की शेतापर्यंत साडेतीन किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये एक ओढा आणि ओढा ओलांडला की लगेच अंगावर येणारा चढ. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते, पण पाऊस सुरू झाला की दसऱ्यापर्यंत तो रस्ता म्हणजे नुसता राडा. मागच्या भातलावणीला आमची छोटी गाडी त्याच चढावर अडकली, पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतायत आणि गाडी ब्रेक दाबूनसुद्धा हळूहळू मागे ओढ्याकडे सरकतीये, आणि आत आई बसलेली. चुलत्यांनी ट्रॅक्टर आणून ओढून काढली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवढं चालणं तिला जमत नाही, त्यामुळे त्यानंतर कापणीपर्यंत ती शेतावर आलीच नाही. जिने पस्तीस वर्षं स्वतः वाकून लावणी केली ती घरात बसून फोनवर विचारत होती, कुठवर आलं, वरचं खाचर झालं का. यंदाच्या पावसाळ्याआधी मला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी गाडी हवीच आहे.

बजेट गाडीसाठी साडेचार लाख, वर दीड लाख कामासाठी बाजूला ठेवलेत. नवीन परवडणार नाही. आणि मला गाडी स्वतः खोलायचीये. वडलांच्या ट्रॅक्टरवर शिकलोय, क्लच प्लेट बदललीये, ब्रेकचं काम, ग्रीसिंग, ऑइल सील हे घरी करतो, पान्यांचा सेट आणि तीन टनी जॅक आहे, वेल्डिंग मात्र येत नाही. गावापासून बरा मिस्त्री गाठायचा म्हणजे भोर, आणि रविवारी तो भेटेलच असं नाही, त्यामुळे जे बिघडेल ते मला शेडमध्ये बसून कळलं पाहिजे ही पहिली अट.

पहिली पसंती जिप्सी, २००० नंतरची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). १.३ लिटर पेट्रोल, वजन जेमतेम टनभर, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनला पाटे आणि एक्सलचं अखंड हौसिंग, म्हणजे खाली वाकलं की सगळं डोळ्यांना दिसतं. हलकी असल्यामुळे चिखलात बसत नाही म्हणतात आणि ते पटतं. पण उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबलं, म्हणजे बाजारातली प्रत्येक जिप्सी जुनीच. दुसरी जुनी थार, २०१२-१४ ची सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारं कॉमन रेल डिझेल). २.५ लिटर डिझेल, १०५ बीएचपी, ताकद भरपूर, पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं (पीळ घेणाऱ्या दांड्याचं), मागे पाटे. पण इंजेक्टर किंवा सेन्सरचं काही निघालं तर स्कॅनरशिवाय मला काय कळणार? त्यातली डीआय (जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन) साधी आहे, ६३ बीएचपीच, पण फोर बाय फोर डीआय चांगल्या अवस्थेत मिळेना झालीये. तिसरी एमएम ५४०, ते प्यूजोचं २.१ लिटर डिझेल. काकांकडे होती, आवाज अजून कानात आहे. पण आता तिचे पार्ट शोधत फिरायला मला वेळ नाही आणि आईला तिच्यात बसवायचं म्हणजे हालच, म्हणून ती मनातून जवळपास काढून टाकलीये.

आतापर्यंत तीन गाड्या पाहिल्या. एक जिप्सी वाईकडे, फोटोत अगदी देखणी, खालून ताजा काळा रंग मारलेला. मी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, खालचा फोम ओला होता, आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून थोडा जोर दिला तर तो आरपार गेला, खालची जमीन दिसली. मागच्या शॅकलपाशी (पाटा जिथे जोडतात त्या दुव्यापाशी) चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पान्याने ठोकून पाहिलं तर एका बाजूला खणखणीत आवाज आणि दुसऱ्या बाजूला बद्द, तिथे वर नुसती पट्टी वेल्ड करून रंग दिलेला. मालक शांतपणे म्हणाला, जुन्या गाडीला एवढं चालतंच. मला नाही चालत, त्या चासीवर माझी आई बसणार आहे.

दुसऱ्या जिप्सीत चक्क डिझेल इंजिन बसवलेलं आणि आरसीवर पेट्रोल. विकणारा सांगत होता की असं सगळेच करतात. मी निघून आलो, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचलाय, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाहीत, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील हे वेगळंच.

तिसरी दिल्ली पासिंगची थार, इथल्यापेक्षा लाखभराने स्वस्त. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध म्हणून त्या इकडे येतात हे माहितीये. पण एनओसी, इथला टॅक्स नव्याने भरणं, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवणं हे सगळं धरलं तर स्वस्ताई उरते का?

आता विचारायचं ते असं. चिखल आणि एक ओढा एवढ्यासाठी गाडीची उंची वाढवायची (लिफ्ट करायची) खरंच गरज आहे का, की नुसत्या टायरवर भागेल? जिप्सीला मूळ २०५/७० आर १५ येतात, सगळे २३५/७५ घाल म्हणतात, पण हिशोब केला तर टायर जवळपास १० टक्के मोठा होतो, म्हणजे काट्यावर ६० दिसताना गाडी ६६ ने चाललेली आणि १.३ च्या इंजिनाला चढावर तेवढाच जास्त भार. आणि पंधरा वर्षांवरची जिप्सी घेतली तर पुनर्नोंदणीचा आणि पर्यावरण कराचा अनुभव कुणाचा आहे? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप बदलावे लागले का कुणाला? ज्यांनी स्वतःच्या हाताने ही कामं केलीयेत त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

तुमचा वापर ऐकून जिप्सीच घ्या म्हणेन, माझ्याकडे अकरा वर्षं आहे. बघायला जाल तेव्हा पुढच्या चाकांमागे हौसिंगच्या टोकाला जो गोळा आहे तिथे हात फिरवा. पातळ तेलकट ग्रीस बाहेर आलेलं असेल तर आतलं सील गेलंय आणि हौसिंगचं ऑइल गोळ्यात उतरतंय. काम घरी होतं, घाण आणि वेळखाऊ आहे एवढंच. मग ५०-६० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतंय का बघा, बऱ्याचदा किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनची) बेअरिंग निघतात. पुढचे हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडवणारे) हाताने फिरवून लॉक-अनलॉक करून बघा, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो आणि ते जाम असतात. फोर बाय फोर डांबरीवर अजिबात तपासू नका, मध्ये डिफ्रन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसतं त्यामुळे वळणावर सगळा ताण गेअरवर येतो, मुरुमावर किंवा मातीत घेऊन जा आणि लो मध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गेअरमध्ये) टाकून चढ चढवा.

लिफ्टच्या नादी लागू नका. लांब शॅकल टाकले की पुढच्या एक्सलचा कोन बदलतो, गाडी सरळ रेषेत राहत नाही, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. २१५/७५ चे खोल नक्षीचे टायर टाका, ते पाचच टक्के मोठे आहेत, आणि राड्यात शिरण्याआधी हवा १८ पीएसआयवर आणा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कशाने पडत नाही. परत भरायला बॅटरीवरचा पंप ठेवा. पाइपांचं म्हणाल तर वय बघता गाडी घेतल्या घेतल्या सगळे पेट्रोल पाइप बदला, ई२० असो नसो, खर्च किरकोळ आहे.

प्रतिसाद २

मी थारवाला, तरी वरच्यांशी सहमत. थार आवडते पण दीड टनाच्या वर वजन आहे, रुतली की एकट्याने काढणं अवघड. २०१५ नंतरच्या सीआरडीईला मागे लॉक होणारं डिफ्रन्शियल मिळायचं, त्याचा चिखलात खूप फायदा आहे, कारण साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचं एक आणि मागचं एक चाक मोकळं फिरायला लागलं की गाडी तिथेच उभी. पण ती तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. दिल्लीची घेऊ नका, मी केलंय ते. टॅक्स, एजंट, दोन फेऱ्या धरून वाचलेले पैसे गेले आणि गाडी चार महिने नावावर व्हायची थांबली. आणि आईंचा विचार करा, जिप्सी मागच्या बाजूला फार उडवते, त्यांना पुढेच बसवा आणि चढायला एक बुटकी पायरी जोडून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, एवढं बारकाईने कुणी सांगितलं नव्हतं. पायरीचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी उभं करून तिचा चांगला पाय किती उचलला जातो ते मोजलं, अकरा इंच. वेल्डिंगवाल्याला तेवढंच माप देणार आहे. थार यादीतून काढली.

रविवारी सातारा रस्त्याला २००९ ची एक जिप्सी बघायला चाललोय, पहिल्या मालकाची, आरसी १५ वर्षांनंतर पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू केलेली आहे. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेईन आणि आरसीशी ताडून बघेन. मॅटिंग उचलू देणार का असं फोनवरच विचारलं, या म्हणाले, मीच उचलून ठेवतो. त्या बाजूला राहणारं कुणी सोबत येऊ शकत असेल तर सांगा, गोळ्यातलं ग्रीस बघायला दुसरे डोळे असलेले बरे.