पब्लिक शाळा विरुद्ध कॅथलिक शाळा: हायस्कूल फुटबॉलमध्ये ही लढत लावायचीच कशाला?

रारिटनकाठचा
आधीच सांगतो, फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, लांबट चेंडूचा. मेस्सीच्या आशेने आलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

गेल्या शुक्रवारी रात्री पोराची मॅच बघून आलो. आमची गावची पब्लिक, म्हणजे सरकारी, बिनफीची शाळा, आणि समोर उत्तर न्यू जर्सीतली एक मुलांची कॅथलिक, खासगी शाळा. हाफटाइमला ३५-०. फरक इतका की पुढे नियमाप्रमाणे घड्याळ थांबवणंच बंद झालं आणि मॅच एकदाची उरकली. माझा मुलगा लाइनमध्ये, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणाऱ्या पहिल्या रांगेत, गार्ड खेळतो. वय १६, वजन ८५ किलो. त्याच्यासमोरचा १३० किलोचा आणि तरी याच्यापेक्षा चपळ. येताना गाडीत पोरगा खांदा धरून गप्प बसला होता. बँडवाल्या मुलीच्या आईने आणलेले समोसे तेवढे चांगले होते.

आता माझा मुद्दा. न्यू जर्सीत प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरचे बाद फेरीचे सामने, वेगळे होतात. पब्लिक शाळांचे पटसंख्येवरून पाच गट, बिगर-पब्लिक शाळांचे ए आणि बी असे दोन. पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या साध्या सामन्यांत हे सगळे एकाच लीगमध्ये असतात. आमच्याकडच्या सुपर फुटबॉल कॉन्फरन्समध्ये शंभरावर शाळा आहेत. म्हणजे ही बरोबरीची लढत नाही हे राज्याला मान्य आहे, पण फक्त प्लेऑफपुरतं!

२०१५ च्या अखेरीस राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेच्या सदस्य शाळांनी बहुमताने ठरवलं होतं की फुटबॉल पूर्ण वेगळं करा. २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी तो ठराव फेटाळला. माझं म्हणणं, तो मंजूर व्हायला हवा होता. ज्या शाळेला गावाची हद्द आहे, म्हणजे फक्त गावातलीच मुलं घेता येतात, तिने हद्द नसलेल्या शाळेशी खेळू नये. बोला.

पेठकर_जर्सीत
बोलतो. माझा मुलगा अशाच एका कॅथलिक शाळेत आहे, तेव्हा आरोपी हजर आहे असं समजा.

त्याला कुणी खेळासाठी "उचललेला" नाही. बायकोला ती शाळा आवडली, शिस्त आवडली. घरी गणपती बसतो आणि शाळेत तो मासला (चर्चच्या प्रार्थनेला) बसतो, दोन्ही देवांची तक्रार नाही. रोज ४० मिनिटं जायला, ४० यायला. फी एवढी की सोसायटीत कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, आणि आम्हाला तीही मिळत नाही.

आणि हद्दीचं म्हणाल तर तुमची हद्द फुकट आहे का हो? ज्या टाऊनशिपमध्ये शाळेचं रेटिंग चांगलं, तिथलं घर दीड-दोन लाख डॉलरने महाग. तुम्हीही फीच भरलीत. मी शाळेला दिली, तुम्ही बँकेला.

शेवटचं. सचिन वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. आचरेकर सरांनी सांगितलं म्हणून शारदाश्रमात आला. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याला रिझवी स्प्रिंगफील्डसाठी लोकल धरून यायचा. तेव्हा कौतुकाने ऊर भरून येतो, आणि इथे कुणाचा मुलगा शाळा बदलून गेला की लगेच "पळवापळवी"?

रारिटनकाठचा
पेठकर, घराच्या किमतीचा टोला लागला, कबूल. पण क्रिकेटचं उदाहरण चुकीच्या जागी आणलंत. १९८८ मध्ये हॅरिस शील्डला सचिन-कांबळींनी ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा सेंट झेवियर्सच्या पोरांचं काय झालं? पाय दुखले, कंटाळा आला. प्रत्येक चेंडूला कुणी १३० किलोचा येऊन त्यांच्या अंगावर आदळला नाही.

फणसगरे
एवढं सगळं वाचलं. चेंडू लांबट का आहे हे अजून कळलं नाही.

ओहायोवाली
जर्सीवाले भांडतात फार, मोजत काही नाहीत. आमच्याकडे बघा.

ओहायोत हाच वाद वर्षानुवर्षं चालला. सिनसिनाटीची मोलर आणि सेंट झेवियर, क्लीव्हलँडची सेंट इग्नेशियस, शेजारच्या लेकवुडची सेंट एडवर्ड, ही नावं घेतली की पब्लिक शाळांचे पालक तेव्हाही दात खायचे. तोडगा म्हणून मतदान झालं, सलग तीन वर्षं पडलं, २०१४ मध्ये एकदाचं पास झालं. त्याला 'कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स' म्हणतात. टीममधला प्रत्येक मुलगा कुठून आला ते बघायचं, बाहेरून आलेल्यांचा जादा भार शाळेच्या पटसंख्येत धरायचा, आणि त्या फुगलेल्या आकड्यावरून शाळेने कुठल्या विभागात खेळायचं ते ठरवायचं. वेगळं काढायचं नाही, वर ढकलायचं.

यात गंमत अशी की हा नियम पब्लिक शाळांनाही लागतो. कारण आमच्याकडे कितीतरी पब्लिक शाळा शेजारच्या गावची मुलं राजरोस घेतात.

मॅसिलन नावाचं गाव आहे. तिथे मुलगा जन्माला आला की बाळंतिणीच्या खोलीत छोटा फुटबॉल देऊन जातात. (आपल्याकडे सटवाई येते, तिथे बूस्टर क्लब, म्हणजे टीमच्या पाठीराख्यांचं मंडळ.) स्टेडियमला पॉल ब्राउन या नामवंत कोचचं नाव. ही पब्लिक शाळा, आणि १९७२ मध्ये प्लेऑफ सुरू झाल्यापासून एकदाही राज्य विजेती झाली नव्हती. २०२३ मध्ये झाली. फायनलला कोण होतं? अ‍ॅक्रनची आर्चबिशप होबन, कॅथलिक. स्कोअर ७-२. फुटबॉलमध्ये ७-२ म्हणजे दोन्हीकडच्या पोरांनी रक्त आटवलेलं असतं. तुमच्या न्यू जर्सीच्या पद्धतीत ही फायनल झालीच नसती. त्या गावाकडून तो दिवस काढून घ्यायचा का?

लाइनमनची_आई
ताई, फायनलचं छान आहे. फायनल खेळणारे दोन संघ कसेही आले तरी तगडेच असतात. प्रश्न सप्टेंबरमधल्या तिसऱ्या शुक्रवारचा आहे.

मी मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन चार वर्षं उभी होते, म्हणून सांगते. यात फी, हद्द, रेटिंग हे सगळं नंतर येतं. आधी येतो बाकावरचा आकडा. मैदानावर ११, पण आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, आणि किकचे आणखी. मोठ्या कॅथलिक शाळेकडे प्रत्येक जागेला दोन-तीन मुलं असतात. आमच्या शाळेत व्हर्सिटीला (शाळेच्या मुख्य टीमला) धड ३५ व्हायचे नाहीत. मग काय होतं? तोच मुलगा आक्रमणात ब्लॉक करतो आणि चेंडू गेला की तिथेच वळून बचावाला उभा राहतो. तिसऱ्या क्वार्टरला त्याचे पाय जड झालेले असतात, आणि समोरून नुकताच पाणी पिऊन आलेला ताजा मुलगा येतो. दुखापत तिथे होते. दमलेल्या पोराचं डोकं खाली जातं आणि टॅकल चुकीचा बसतो. कोच ओरडत असतात, "डोकं वर!" पण दम असला तर डोकं वर राहील ना!

बरं, बाकावर मुलं का नाहीत? कॅथलिक शाळांनी नेली म्हणून? एखाद-दुसरा नेला असेल. बाकीचे कुठे आहेत ते आपण सगळे जाणतो. २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो नॉर्थ शाळेत मुलंच पुरेशी नव्हती म्हणून व्हर्सिटी फुटबॉल बंद ठेवावं लागलं. साउथ शाळेबरोबर एकत्र टीम करायची परवानगी मागितली, तर शाळा मोठ्या आहेत म्हणून नाकारली. आणि त्या गावात कोण राहतं? आपण! गणपतीला तिथे पार्किंग मिळत नाही. हजारांवर पट असलेल्या शाळेत फुटबॉलला मुलं मिळेनात, कारण शुक्रवारी संध्याकाळी रोबोटिक्स, शनिवारी मराठी शाळा, रविवारी एसएटीचा (कॉलेज प्रवेश परीक्षेचा) क्लास. मी दोष देत नाहीये. डोक्याच्या दुखापतींचं जे वाचतो त्यानंतर मीही दुसऱ्या मुलाला टेनिसला घातला. पण मग कॅथलिक शाळांच्या नावाने बोटं मोडू नयेत.

बे_एरिया_बंड्या
वा, आई. आता पश्चिमेकडून दोन पैसे.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या कॉन्कॉर्डची दे ला साल ही कॅथलिक शाळा. १९९२ पासून २००४ पर्यंत सलग १५१ मॅच हरली नाही. सगळे म्हणायचे, खासगी शाळा, कुठूनही मुलं आणते. पण बॉब लॅडूसर १९७९ मध्ये कोच झाले, तोवर त्या शाळेने एकाही सीझनला हरण्यापेक्षा जास्त जिंकलेलं नव्हतं. खासगी ती तेव्हाही होती आणि हद्द तेव्हाही नव्हती. मग १९७९ च्या आधी का हरत होती? माणूस आला आणि तालीम बदलली. हे पटसंख्येच्या कुठल्या हिशेबात बसवणार?

आणि ती १५१ ची माळ तोडली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू या पब्लिक शाळेने. पुढे २०१६ मध्ये त्याच बेलव्ह्यूवर प्लेऑफबंदी आली. चौकशीत खोटे पत्ते दाखवून मुलं आणल्याचं समोर आलं. पब्लिकवाल्यांचे कपडे फार पांढरे आहेत असं समजू नका.

मात्र दक्षिण कॅलिफोर्नियाचं मी समर्थन करणार नाही. मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को, दोन्ही कॅथलिक. २०१६ ते २०२४, कोविडचं साल सोडून, सदर्न सेक्शनच्या (तिथल्या शालेय स्पर्धेच्या) पहिल्या विभागाचं विजेतेपद या दोघांच्या बाहेर गेलं नाही. आणि दोन्ही एकाच लीगमधल्या. बाकीच्यांनी फॉर्म भरायचा तो तिसऱ्या नंबरसाठी.

पेठकर_जर्सीत
बंड्या, आधी अर्ध्या रस्त्यात माझ्याबरोबर होतास, मग उतरलास.

बे_एरिया_बंड्या
माझं स्टेशन आलं.

कोळशाचा_गाव
पिट्सबर्गकडून. ओहायोच्या ताईंनी मोजमापाचं कौतुक केलं, आता त्याच मापाची आमच्याकडची गत ऐका.

पेन्सिल्वेनियात १९७२ चा कायदा आहे, खासगी शाळांनाही राज्य संघटनेत घ्यायचं. म्हणून वेगळे प्लेऑफ करायचे तर आधी विधिमंडळात जावं लागेल. तोवर काय करायचं? संघटनेने सूत्र काढलं. जिंकलात, आणि बाहेरची मुलं आली, की वरच्या वर्गात, म्हणजे मोठ्या शाळांच्या स्पर्धा-गटात. डोळा होता बड्या खासगी शाळांवर. सापडली कोण? अ‍ॅलिक्विपा! पोलाद गिरणी बंद पडून रया गेलेलं गाव, पटसंख्येने बघितलं तर सगळ्यात लहान वर्गातली पब्लिक शाळा. माइक डिटका, टाय लॉ, डॅरेल रेव्हिस हे व्यावसायिक फुटबॉलमधले बडे खेळाडू याच शाळेचे. तिला सूत्राने ढकलत ढकलत पाचव्या वर्गात न्यायचं ठरलं, तेव्हा शाळा कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये मनाई हुकूम आणून चौथ्या वर्गात राहिली. तिथे कुणी पळवून आणलं नव्हतं हो. मुलं येतात-जातात कारण भाडं परवडत नाही म्हणून आईबाप घर बदलतात. सूत्राला ते कळत नाही, त्याला फक्त "बदली" हा रकाना दिसतो.

माझं मत विचाराल तर टेक्सास शहाणं. पब्लिकची संघटना वेगळी, खासगींची वेगळी, तुमचं तुमच्याकडे. डॅलस आणि ह्यूस्टनच्या दोन जेझुइट (कॅथलिक) शाळा पब्लिकमध्ये खेळतात तेवढाच अपवाद. आणि म्हणून तिथलं फुटबॉल मेलं का? २०१२ मध्ये अ‍ॅलनच्या पब्लिक शाळेने सहा कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलं.

फणसगरे
आणि दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवलं. हे मलासुद्धा माहीत आहे. ठेकेदार आपल्याकडचा असावा.

ओहायोवाली
कोळशाचा_गाव, सूत्र चुकलं तर सूत्र दुरुस्त करा. इलिनॉय नुसतं गुणतं, हद्द नसलेल्या शाळेचा पट गुणिले १.६५. अलाबामाने १.३५ घेतला. कुठला बरोबर? मला वाटतं दोन्ही ढोबळ. पण ढोबळ कुंपण हे भिंतीपेक्षा बरं. भिंत घातली की मॅसिलनसारख्यांनी कुणाला हरवायचं?

कोळशाचा_गाव
ज्याला हरवायचंय त्याने स्वतःहून मॅच लावावी. नॉन-लीग तारखा असतातच. माझा विरोध सक्तीला आहे.

रारिटनकाठचा
हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

दोन दिवस विचार केला. लाइनमनची_आईंचं पटलं, आणि जरा झोंबलंही, कारण आमच्या घरीही धाकट्याला आम्ही "बघू" म्हणून टाळतोय. पब्लिक-खासगी ही रेघ मी जिथे ओढली तिथे ती नाही, हेही दिसतंय. तरी माझी मागणी मागे घेत नाही, बदलतो. प्लेऑफ आहेत तसे वेगळे राहू देत. २०२२ पासून पब्लिक गटांनाही खऱ्या राज्य फायनल मिळाल्या आहेत, त्याआधी सेक्शनच्या (राज्याच्या एका भागाच्या) विजेतेपदापुढे फार तर एखादी विभागीय मॅच असायची. पण सीझनमधल्या मॅचा लावताना शाळेचा प्रकार आणि नुसती पटसंख्या बघू नका, व्हर्सिटीच्या यादीत किती नावं आहेत ते बघा. ३५ वाल्याला ९० वाल्यासमोर उभं करायचं असेल तर ३५ वाल्याची लेखी संमती घ्या.

पेठकर_जर्सीत
याला माझी हरकत नाही. आमच्या पोरांनाही ५०-० मध्ये काही मिळत नाही. दुसऱ्या क्वार्टरनंतर माझा मुलगा हेल्मेट काढून बाकावर बसतो, आणि एवढ्या फीच्या हिशेबाने ते बाकडं फार महाग पडतं.

लाइनमनची_आई
ते यादीचं कागदावर छान आहे. पण मग शाळा यादीत ज्युनियर व्हर्सिटीची (दुसऱ्या फळीच्या टीमची) नावं घालतील किंवा काढतील, हवं तसं. आणि खांदा कसा आहे मुलाचा? ट्रेनरला दाखवला का?

रारिटनकाठचा
दाखवला. स्नायू ताणलाय, एक आठवडा सराव नाही. आजी फोनवरून हळदीचा लेप सांगतेय.

आणि या शुक्रवारची मॅच बघा: काउंटीची (जिल्ह्याची) व्होकेशनल, म्हणजे व्यवसाय शिकवणारी शाळा. कागदावर शंभर टक्के पब्लिक, फी शून्य, आणि मुलं अख्ख्या काउंटीतून येतात. त्यांच्या लाइनमधले फोटो बघितले. सगळ्यात बारीक मुलगा १०५ किलोचा आहे.

पेठकर_जर्सीत
कुठे आहे मॅच? मीही येतो. समोसे असतील ना?