मदत हवी आहे: स्क्रोल करताना कुठला सेक्शन दिसतोय ते कसं पकडायचं?

मंडळी, नाशिक दर्शनाचं एक वेबपान बनवतोय, रामकुंड, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी असे सेक्शन, आणि जो समोर येईल त्याचं नाव वरच्या मेनूत हायलाइट व्हायला पाहिजे. आधी स्क्रोल इव्हेंटमध्ये गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट (सेक्शन स्क्रीनवर कुठे आहे ते मोजणारं फंक्शन) वापरत होतो पण साध्या मोबाईलवर पान फारच अडकायला लागलं, म्हणून इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरवर (सेक्शन दिसायला लागला की ब्राउझरच कळवतो ती सोय) आलो. थ्रेशोल्ड ०.६ ठेवलाय, म्हणजे सेक्शनचा ६०% भाग दिसला की तो चालू. लॅपटॉपवर एकदम झकास चालतं. मोबाईलवर मात्र त्र्यंबकेश्वरचा सेक्शन (फोटो आणि माहिती मिळून तीन स्क्रीन तरी उंच आहे) कधी हायलाइटच होत नाही, म्हणजे त्याचा एका वेळी फार तर तिसरा हिस्सा दिसणार मग ०.६ गाठणार कसं, हे कळतंय मला. थ्रेशोल्ड ०.१ केला तर दोन सेक्शन एकदम पेटतात.

कोणीतरी सुचवलं की थ्रेशोल्ड ० ठेव आणि रूटमार्जिन (स्क्रीनचा कुठला भाग धरायचा ते ठरवणारी सेटिंग) '-५०% ०px -५०% ०px' दे, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध रेघ धरायची आणि जो सेक्शन तिला शिवेल तो चालू. आयडिया पटली, पण शेवटचा पांडवलेणीचा सेक्शन बुटका आहे, पान संपतं तरी तो त्या रेघेपर्यंत येतच नाही! त्याचं काय करायचं? खाली उगाच मोकळी जागा सोडायला जीवावर येतं राव.