हांसदा सौभेंद्र शेखर: आधी काय वाचावं?

प्रश्न: झारखंडच्या या संथाळ आदिवासी लेखकाची कादंबरी आधी घ्यावी की कथा? आणि बंदीचं काय झालं?

प्रतिसाद १: कथाच. ‘द आदिवासी विल नॉट डान्स’ (२०१५), दहा कथा, मूळ इंग्रजीत. पहिल्याच कथेत बडोद्याला आलेल्या संथाळ कुटुंबाला आपण काय खातो तेही लपवावं लागतं. २०१४ची कादंबरी, ‘द मिस्टीरियस एलमेंट ऑफ रूपी बास्के’, नंतर वाचा. तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे.

प्रतिसाद २: ऑगस्ट २०१७ मध्ये राज्य सरकारने संग्रहावर बंदी घातली. लेखक सरकारी डॉक्टर, त्यांना निलंबितही केलं. आरोप संथाळ स्त्रियांच्या बदनामीचा. डिसेंबरात बंदी उठली. स्थलांतरावरची कथा स्वतः वाचा: दोन गार ब्रेडपकोडे, पन्नासची नोट आणि त्यासाठी शरीर द्यावं लागणारी भुकेली पोर. यात बदनामी तिची कशी?