३०४ च्या टाकीत मासा कोणी सोडला?

बी ३०४: नमस्कार. आम्ही काल रात्री वणीहून परतलो. चार दिवस किल्ली ३०३ काकूंकडे होती, फक्त माशांना खाणं घालायला. आता टाकीत एक काळा मासा जास्तीचा आहे. कोणी सोडला ते कृपया सांगा. भांडायचं नाहीये, पण उत्तर हवंय.

बी ३०३: अगं मी नाही हो. मी तू दाखवलंस तेवढंच चिमूटभर घालत होते. बुधवारी ६०२ वरून आला, म्हणाला वहिनींना माहितीये. मी दार उघडलं.

बी ५०३: बुधवार म्हणजे त्याच दिवशी माझ्या पार्किंगमध्ये पण न विचारता गाडी होती.

बी ६०२: वहिनी, मीच सोडला. छोटूला सरप्राइज द्यायचं होतं. आमची बदली होतेय, दोन फुटी टाकी बंद करतोय. तुमची चार फुटी, म्हटलं तिकडे ऐसपैस राहील. दादांना लिफ्टमध्ये बोललो होतो.

बी ३०४: ते "बघू" म्हणाले होते. बघू म्हणजे हो नाही, भाऊ.

बी २०४: ३०४ च्या टाकीचं वजन पाण्यासकट साडेतीनशे किलो आहे असं ऐकलं. आमच्या हॉलच्या छताला पांढरी पूड येते आहे. त्याचं काय?

डॉक्टर ४०२: एका माशाने एवढं काय बिघडलं?

बी ३०४: डॉक्टरसाहेब, तो डोमिनो डॅमसेल आहे. काळा, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. लहान असताना सुपारीएवढा असतो, फार गोड दिसतो. पुढे पाच इंचांपर्यंत वाढतो आणि दिसेल तो दगड आपला म्हणतो. आमच्याकडे क्लाउनफिशची जोडी डाव्या कोपऱ्यात दोन वर्षं आहे. मधल्या कपारीत रॉयल ग्रामा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. तिघांनी जागा वाटून घेतल्या होत्या, कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. काल बघते तर कपारीत डोमिनो, ग्रामा पंपामागे वर पाण्याला टेकून लपलेला, आणि जोडीतल्या मोठीची शेपटी फाटलेली. तिने रात्रीपासून खाल्लेलं नाही.

समुद्रात हरलेला मासा लांब निघून जातो. इथे जाणार कुठे? चार फुटांत कितीही पळाला तरी मारणाऱ्याच्या समोरच. म्हणून शांत मासे आधी सोडतात, दांडगा सगळ्यात शेवटी. आणि डोमिनो तर एवढ्या टाकीत शेवटीही सोडू नये. शिवाय क्वारंटाइन न करता सोडलाय. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तांब्याचं औषध या टाकीत घालता येत नाही, माझी कोळंबी मरेल.

बी ७०१: मोठीची? बायको मोठी असते का त्यांच्यात 😀

बी ३०४: हो. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात. जोडीत जो मोठा, तो मादी होतो. ती मेली तर उरलेला नर मादी होतो.

बी ७०१: आमच्या घरी कळवतो.

अण्णा १०१: गोदावरीत सोडून द्या त्याला. पुण्य लागेल.

बी ३०४: अण्णा, तो खाऱ्या पाण्यातला आहे. नदीत त्याच्या अंगात पाणी शिरत जातं, क्षार निघून जातात आणि तो मरतो. आमच्या टाकीत लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात. ते स्वयंपाकाच्या मिठाने होत नाही, त्याचं वेगळं मिश्रण मिळतं.

बी ७०१: मग तळा.

बी ३०३: श्रावण आहे रे.

बी २०४: पुन्हा विचारते. साडेतीनशे किलो. छताला पांढरी पूड. हे समुद्राचं मीठच खाली झिरपतंय.

सेक्रेटरी: काकू, ती पूड टाकी यायच्या आधीच्या पावसाळ्यापासून आहे. तुमचाच अर्ज फाइलला आहे. ओल येते तेव्हा सिमेंटमधले क्षार बाहेर पडून पांढरे दिसतात. ३०४ च्या बाथरूमचं लिकेज तपासायचंय.

बी २०४: म्हणजे दोन वर्षं तपासायचंच आहे.

अण्णा १०१: आमच्याकडे नातवाने आणलेला खऱ्या प्रवाळाचा तुकडा आहे. टाकीत शोभेला देऊ का?

बी ३०४: अण्णा, नको. आणि असं ग्रुपवर लिहू पण नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, समुद्रघोड्यालाही. माझी जोडी हॅचरीतली आहे. आपल्या सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, क्लाउनफिशची पैदास करायचं तंत्र बसवलंय, समुद्रातून ओरबाडायची गरज नाही.

बी ५०३: ज्याने ठेवला त्याने उचलावा. मासा असो की गाडी.

बी ६०२: काका, गाडी दहा मिनिटं होती.

बी ५०३: चाळीस. सीसीटीव्ही बघा.

चेअरमन: कृपया पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये. हा ग्रुप कामासाठी आहे. 🙏

बी ६०२: वहिनी, चुकलं माझं. जाळीने काढतो आत्ता.

बी ३०४: जाळी नको. दगडांत शिरतो, मग सगळा ढीग उपसावा लागतो आणि ग्रामा आणखी घाबरतो. पाण्याची बाटली वरून कापून तोंड उलटं आत बसवायचं, आत खाणं ठेवायचं. तो हावरा आहे, तोच आधी शिरेल. तुमची छोटी टाकी मात्र बंद करू नका, त्याचं घर मिळेपर्यंत. मीठ मी देते.

बी २०४: साडेतीनशे किलोबद्दल कुणीच बोललं नाही.

बी ३०४: काकू, टाकीत साधारण २४० लिटर पाणी आहे, बाकी दगड आणि काच. भिंतीला लागून, बीमवर ठेवलीय. तुम्ही उद्या येऊन बघा, चहाला या. बाथरूमचंही आमच्याकडून असेल तर खर्च आम्ही करू.

सेक्रेटरी: प्लंबर रविवारी ११ वाजता. २०४ आणि ३०४ दोघांनी घरी थांबावं.

बी २०४: मी घरीच असते.

*दुसऱ्या दिवशी*

बी ६०२: सकाळी सहाला बाटलीत सापडला. घेऊन गेलो. मुंबईत एक ओळखीचे आहेत, सहा फुटी टाकीवाले, ते शनिवारी नेतायत.

बी ३०४: दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जागा सगळ्यांना नव्याने शोधाव्या लागतात, जुनं वैर राहत नाही. ग्रामा दुपारी कपारीत गेला. मोठी संध्याकाळी बाहेर आली, दोन दाणे खाल्ले. शेपटी भरून येईल.

३०३ काकू, किल्ली परत नका देऊ. तुमच्याकडेच राहू दे.