फिनलंडच्या शाळेत जायचंय, फिनिश किती शिकू?

प्रश्न: आमच्या शाळेची ताम्पेरेच्या एका शाळेशी देवाणघेवाण सुरू झालीय. जानेवारीत मी तिथल्या एका कुटुंबात राहणार. पण फिनिशमधल्या १५ विभक्ती बघून घाम फुटलाय. सगळ्या पाठ करू का?

उत्तर १: मुळीच नको. घरात म्हणजे 'तालोस्सा', घरातून म्हणजे 'तालोस्ता'. प्रत्यय शब्दाला चिकटतो, मराठीसारखाच. अशा सहा स्थळवाचक विभक्ती आधी धर, बाकीच्या कानावर पडून येतील. मात्र पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन' (मी आहे) तिथली मुलं 'मॅ ओओन' असं बोलतात. तेव्हा देवाणघेवाणीतल्या तुझ्या जोडीदाराकडून आवाजी निरोप मागव, लेखी नको.

उत्तर २: भाषेइतक्याच रीतीही बघून ठेव. घरात शिरताना बूट काढायचे. शिक्षकांना सरळ नावाने हाक मारतात (मला हे शेवटपर्यंत जड गेलं). शाळेत दुपारचं गरम जेवण सगळ्यांना फुकट, १९४८ पासून. आपलं ताट आपण वाढून घ्यायचं, उचलूनही ठेवायचं. सौनाला (गरम वाफेच्या खोलीत बसायला) बोलावतील, नको असेल तर नाही म्हण, कुणी रागावत नाही.

प्रश्नकर्ती: आणि जेवताना सगळे गप्प बसले तर?

उत्तर २: तर तूही जेव.